लढाऊ विमानांच्या प्रतिकृति व त्यांवरील चिन्हांचें प्रामाण्य

ज्या त्रैमासिकांत बखरी, सनदा, ताम्रपट व नाणीं यांचा विचार करण्याची वहिवाट, त्यांत लढाऊ विमानांच्या खेळण्यावजा प्रतिकृतींविषयीं लिहिण्याचें धाडस केल्याबद्दल प्रथमच वाचकांची क्षमा मागणें प्राप्त आहे. परंतु गेल्या दोन वर्षांत एका लहानशा प्रकरणामुळें या विषयांत शिरण्याचा योग आला, आणि शिरल्यावर असें दिसून आलें कीं, पोथीचा पाठ ठरवितांना जे प्रश्न आपणांस पडतात तेच प्रश्न विमानाच्या अंगावरील एखादें वर्तुळ कोणत्या रंगाचें होतें हें ठरवितांनाहि पडतात. पुराव्याची प्रतवारी, नकलेवरून झालेली नक्कल, मागाहून घातलेली भर, मौनाचा अर्थ, आणि न वाचतां येणाऱ्या अक्षराच्या जागीं सोईचें अक्षर घालण्याचा मोह, हे सर्व येथें आहे. या प्रकरणांत प्रस्तुत लेखकाच्या हातून एक ढळढळीत चूकहि झाली. तीहि येथें लपविलेली नाहीं.

१. प्रकरणाचा आरंभ

माझ्या शेजारीं राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं हिंदी हवाई दलांत यंत्र-कारागीर होते. ते वारल्यास बरींच वर्षें झालीं. त्यांच्या मागें एक पेटी, एक पितळी बिल्ला व एक प्रकाशचित्र एवढाच ठेवा राहिला. चित्र पोस्टकार्डाहून किंचित् लहान आहे. त्यांत हरिकेन जातीच्या एका विमानाच्या शेपटीकडील अर्ध्या भागापुढें चार माणसें उभीं असून डावीकडून दुसरे ते बाईंचे वडील. पाठीवर पेन्सिलीनें 'इंफाळ' एवढाच शब्द. सन नाहीं, तारीख नाहीं. बाईंचें म्हणणें इतकेंच कीं, "बाबांनीं ज्या विमानाला हात लावला तें विमान, लहान कां होईना, मला डोळ्यांनीं पाहावयाचें आहे, मास्तर."

माझा एक जुना विद्यार्थी अशा प्रतिकृति करण्यांत निष्णात आहे. या विद्येंत १:७२ हें प्रमाण विशेष रूढ आहे. म्हणजे मूळची सहा फूट लांबी प्रतिकृतींत एक इंच होते. हरिकेनच्या पंखांचा विस्तार ४० फूट. तो येथें पावणेसात इंचांहून किंचित् कमी भरतो, आणि ३६ इंच व्यासाचें चिन्ह अर्ध्या इंचांत मावतें. विमानाचे सुटे भाग तयार पेटींत मिळतात. चिन्हें पाण्यांत भिजवून उतरविण्याच्या कागदावर छापलेलीं येतात व त्यांस डिकल म्हणतात. आम्हीं पेटी आणली, तींतील डिकल लाविले, आणि महिन्याभरांत हिरव्या व मातकट पट्ट्यांचें, लाल मध्याच्या वर्तुळांचें सुरेख विमान तयार झालें. चित्रांतील वर्तुळाचा मध्य फिका दिसतो ही गोष्ट विद्यार्थ्यानें माझ्या नजरेस आणली होती. मीं चार सचित्र पुस्तकें उघडून पाहिलीं, चारींत लाल मध्य आढळला, आणि "उन्हानें रंग विटला असेल" असें सांगून त्याची शंका मिटविली.

हवाई दलांतून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध परिचितांनीं तें विमान पाहिलें, आणि हातांत न घेतांच ते म्हणाले, "मास्तर, हें चिन्ह घेऊन हें विमान १९४४ सालीं ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर उडालें असतें, तर आपल्याच लोकांनीं तें पाडलें असतें." या एका वाक्यानें मीं सर्व काम पुन्हां मुळापासून हातीं घेतलें.

२. चिन्हांचें प्रयोजन

विमानावरील चिन्ह ही शोभा नव्हे; आपला कोण व परका कोण हें क्षणार्धांत कळावें यासाठीं केलेली ती खूण आहे. १९१४ सालीं ब्रिटिशांनीं आपल्या विमानांच्या पंखांवर प्रथम आपला राष्ट्रध्वज रंगविला. परंतु दुरून त्यांतील क्रुसाचीच आकृति तेवढी दिसे व ती जर्मन विमानांवरील क्रुसासारखी भासे. म्हणून त्यांनीं फ्रेंचांचीं एकांत एक असलेलीं वर्तुळें घेतलीं व रंगांचा क्रम उलटा केला. फ्रेंचांचा मध्य निळा, ब्रिटिशांचा लाल. इंग्रजींत यास राउंडेल म्हणतात. मी त्यास पुढें चक्रचिन्ह म्हणतों. खुणेंत वा ओळखण्यांत चूक झाली तर काय होतें हें युद्धाच्या पहिल्याच आठवड्यांत, ६ सप्टेंबर १९३९ रोजीं दिसून आलें. त्या दिवशीं ७४ व्या तुकडीच्या स्पिटफायर विमानांनीं आपल्याच ५६ व्या तुकडीचीं दोन हरिकेन विमानें पाडलीं व त्यांत एक वैमानिक ठार झाला.

पूर्वेकडील युद्धांत ही अडचण अधिक बिकट झाली. जपानी विमानांवर लाल भरीव वर्तुळ असे. घाईंत वर पाहणाऱ्या तोफवाल्याच्या डोळ्यांत चिन्हांतील लाल तेवढा भरे व बाकीचे रंग विरून जात. अमेरिकनांच्या ताऱ्याच्या मध्यभागीं लाल टिकली होती. ती त्यांनीं मे १९४२ मध्यें काढून टाकिली. हिंदुस्थानांतील ब्रिटिश व हिंदी विमानांवरचा लालहि त्याच कारणानें गेला. प्रथम कित्येक ठिकाणीं लाल मध्यावर पांढरा रंग चढविला गेला. पण निळ्यांत पांढरा फार उठून दिसे, म्हणून पुढें गडद निळ्या कड्याच्या आंत फिका निळा मध्य असें चिन्ह रूढ झालें. त्याचा आकारहि पूर्वीपेक्षां लहान करण्यांत आला. शेपटीच्या उभ्या पंखावरील पट्टाहि याच दोन निळ्या रंगांचा झाला. माझ्या पुस्तकांतील चारहि चित्रें युरोपांतील विमानांचीं होतीं, आणि मीं तीं इंफाळच्या विमानास लाविलीं. साताऱ्याच्या सनदेवर तंजावरचा शिक्का उठविण्यासारखाच हा प्रकार झाला.

चिन्हांत असे फेरफार होत गेले याचा संशोधकास मोठा फायदा आहे. मोडीचें वळण पाहून आपण जसा कागदाचा काळ अजमावितों, तसा येथें चिन्हावरून चित्राचा काळ अजमावितां येतो. अमेरिकन तारा घ्या. मध्यें लाल टिकली असल्यास चित्र मे १९४२ च्या आधींचें. तारा साधा असल्यास त्यानंतरचें. दोन्ही बाजूंस पांढऱ्या पट्ट्या व भोंवतीं लाल कड असल्यास १९४३ च्या उन्हाळ्यांतील. कड निळी असल्यास त्या सालच्या सप्टेंबरनंतरचें. आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्यें लाल रेघ असल्यास जानेवारी १९४७ नंतरचें. हिंदी विमानांवर स्वातंत्र्यानंतर कांहीं काळ अशोकचक्र आलें व पुढें केशरी, पांढरीं व हिरवीं वर्तुळें आलीं. तींहि अशींच कालनिर्णयास उपयोगीं पडतात.

३. प्रकाशचित्राची साक्ष

प्रकाशचित्र खोटें बोलत नाहीं अशी समजूत आहे. तें खोटें बोलत नसलें तरी त्याची भाषा समजून घ्यावी लागते. कृष्णधवल चित्रांसाठीं त्या काळीं दोन जातींच्या फिल्मा वापरांत होत्या. ऑर्थोक्रोमॅटिक जातीच्या फिल्मेस लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाहीं. तिच्यांत लाल काळा उमटतो, पिवळाहि गडद येतो, आणि निळा अपेक्षेपेक्षां उजळ येतो. पॅंक्रोमॅटिक फिल्मेस सर्व रंग दिसतात. तिच्यांत पिवळा उजळ व गडद निळा काळपट येतो. युरोपांतील ब्रिटिश विमानांच्या चक्रचिन्हाभोंवतीं बाहेरचें कडें पिवळें असे. तेंच विमान, तेंच चिन्ह, पण एका चित्रांत बाहेरचें कडें पांढुरकें तर दुसऱ्यांत काळसर, असे प्रकार यामुळें आढळतात. आणि हें न जाणणाऱ्यांनीं काळ्या कड्याचें एक निराळेंच चिन्ह कल्पिल्याचींहि उदाहरणें आहेत.

आतां आमचें चित्र पाहूं. त्यांत कडें काळपट व मध्य फिका आहे. मध्य लाल असता तर ऑर्थो फिल्मेंत तो काळा आला असता आणि पॅंक्रो फिल्मेंतहि करडा व बऱ्यापैकीं गडद आला असता. एवढा फिका कोणत्याहि साध्या रीतीनें आला नसता. उन्हानें विटल्याची माझी उपपत्ति तर अगदींच लंगडी होती, कारण शेजारचे रंग जसेच्या तसे टिकून एकटा लालच इतका विटावा यास कारण नाहीं. राहिले दोन पर्याय: पांढरा किंवा फिका निळा. याचा निकाल चित्रांतीलच एका वस्तूनें दिला. उजवीकडच्या माणसाच्या अंगांत पांढरी बंडी आहे. ती व वर्तुळाचा मध्य भिंगाखालीं एकाच उजेडांत ताडून पाहतां मध्य बंडीहून स्पष्टपणें करडा दिसतो. तेव्हां तो पांढरा नसून फिका निळा होय. तोलण्यासाठीं माप बाहेरून आणण्यापेक्षां त्याच कागदांत मिळालें तर तें अधिक विश्वासाचें, हा आपला नेहमींचा अनुभव येथेंहि खरा ठरला.

४. नकलांची वंशावळ

माझी मूळ चूक मात्र रंगांची नव्हती. ती साक्षीदार मोजण्याची होती. चार पुस्तकें एकच गोष्ट सांगतात म्हणून मीं चार पुरावे मानिले. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या निमित्तानें डॉ. सुखठणकर यांनीं जें पाठनिर्णयाचें शास्त्र पुण्यास रूढ केलें त्याचा पहिलाच धडा असा आहे कीं, प्रति मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात. एका मातृकेवरून उतरलेल्या दहा प्रति ही एकच साक्ष होय. प्रतिकृतींच्या क्षेत्रांत हा दोष फार आढळतो. एखादा चित्रकार एका धूसर प्रकाशचित्रावरून रंगीत चित्र काढतो व न दिसणारी बाजू कल्पनेनें भरून काढतो. तें चित्र पाहून डिकल छापले जातात. डिकल पाहून पेटीवरचें चित्र निघतें. आणि पुढच्या पुस्तकांत तेंच रंगचित्र आधार म्हणून येतें. मूळ चित्रकारानें विमानाची डावीच बाजू पाहिली होती, ही गोष्ट तिसऱ्या पिढींत कोणासहि ठाऊक राहत नाहीं.

मग संग्रहालयांतील खरें विमान पाहावें, असें कोणी म्हणेल. पण खरें विमान व खरा रंग या दोन वस्तु भिन्न आहेत. उडत्या स्थितींत राखलेलीं जुनीं विमानें वरचेवर नव्यानें रंगवितात व त्यांवर दुसऱ्याच एखाद्या प्रसिद्ध विमानाचीं चिन्हें काढतात. ब्रिटनच्या स्मारक-पथकांत ही रीतच आहे. जीर्णोद्धार झालेल्या देवळावरील नवा शिलालेख मूळ देवळाचा मानण्यांत जो धोका, तोच येथें. उलटपक्षीं, रंगाच्या थरांतून खरा इतिहास निघाल्याचेंहि एक उदाहरण नमूद करण्यासारखें आहे. अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत फोके-वुल्फ १९० जातीचें एक जर्मन विमान आहे. १९८० ते १९८३ च्या दरम्यान त्याची दुरुस्ती करतांना रंगाचे थर हलक्या हातानें घासून उतरविण्यांत आले, तेव्हां एकाखालीं एक अशा जुन्या रंगांच्या खुणा निघाल्या. आणि आज एफ-८ म्हणून ओळखलें जाणारें तें विमान मूळ ए-७ नमुन्याचें असून मागाहून बदललेलें आहे हें सिद्ध झालें. पोथींत हरताळ फासलेल्या ओळीखालची ओळ वाचण्याचा आनंद ज्यांनीं घेतला आहे, त्यांस याचें महत्त्व सांगावयास नको. आमच्या प्रकरणांतहि, लाल मध्यावर रंग चढवून केलेलें जुनें चिन्ह हा एका परीनें हरताळच होता.

५. आज्ञा व आचार

रंग व चिन्हें यांविषयीं हवाई मंत्रालयाच्या लेखी आज्ञा होत्या, मापें ठरलेलीं होतीं, रंगांस नांवें होतीं. या आज्ञा म्हणजे आमचें धर्मशास्त्र. पण शास्त्राहून रूढि बलवत्तर हें येथेंहि विसरून चालत नाहीं. जून १९४४ मध्यें फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरण्यापूर्वीं दोस्तांच्या विमानांवर तीन पांढरे व दोन काळे असे पट्टे काढण्याची आज्ञा झाली. एक इंजिनाच्या विमानांस प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद. गुप्तता राखण्यासाठीं हें काम अगदीं अखेरच्या दोन-तीन दिवसांत उरकावें लागलें. मिळेल त्या कुंचल्यानें रात्रींतून काढलेले ते पट्टे वांकडेतिकडे आले. आज प्रतिकृतीवर पट्टीनें आंखल्यासारखे सरळ पट्टे काढणारा आज्ञा पाळतो, पण इतिहास मोडतो.

रंगांच्या छटेचा वाद तर याहून जुना आहे. पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश विमानांच्या वरच्या अंगास पी. सी. १० नांवाचा रंग देत. तो हिरवा कीं तपकिरी, यावर अभ्यासकांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे. त्याची कृति पाहिली तर वादाचें मूळ कळतें: तो मुख्यतः पिवडी व काजळी यांचें मिश्रण होता. पिवडींत काजळी मिसळली कीं हिरवट झांक येते हें ज्यांनीं जुन्या शाया व रंग हाताळले आहेत ते जाणतात. आणि त्याच मिश्रणास कोणता रोगण वापरला, काजळी किती पडली, ऊन किती लागलें, यावरून तें तपकिरीकडे झुकतें. तेव्हां दोन्ही पक्ष आपापल्या तुकड्यापुरते खरे असूं शकतात. इंफाळकडच्या फिक्या निळ्याचेंहि तसेंच आहे. तो गडद निळ्यांत पांढरा मिसळून केला जाई. प्रत्येक तळावरची छटा एकसारखी निघाली असेल असें मानण्यास आधार नाहीं. म्हणून आमच्या प्रतिकृतीवरील निळा आम्हीं चित्रांतील करडेपणाशीं जुळेल असा मिसळला, आणि तो अमुक एका ठराविक छटेचा आहे असा दावा केला नाहीं.

आज्ञांच्या खालोखाल तुकड्यांच्या रोजनिशा येतात. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत त्या जतन केलेल्या असून, त्यांतील उड्डाणांच्या तक्त्यांत पुष्कळदां वैमानिकाच्या नांवासमोर विमानाचा क्रमांक लिहिलेला सांपडतो. मराठी वाचकांस जवळची म्हणून एक गोष्ट सांगतों. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या तुकडीस 'बडोदा' व १२२ व्या तुकडीस 'मुंबई' असें नांव होतें. पहिलीच्या स्पिटफायर विमानांवर 'ओ-एन' व दुसरीच्यांवर 'एम-टी' हीं संकेताक्षरें असत, व त्यांपुढें त्या त्या विमानाचें एक अक्षर. ज्यांच्या घरीं या तुकड्यांच्या संबंधाचे कागद असतील त्यांनीं हीं अक्षरें ध्यानांत ठेवावीं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील हरिकेनांवर मात्र पुष्कळदां तुकडीचीं अक्षरें नसून एकच अक्षर असे; आमच्या पेटींतील डिकलांवर असलेलीं तीन मोठीं अक्षरें म्हणूनच काढून टाकावीं लागलीं.

६. अनुपलब्धीचा विचार व क्रमांकाचा प्रश्न

आतां काळाचा प्रश्न. हिंदी हवाई दलाची पहिली तुकडी अर्जनसिंग यांच्या हाताखालीं हरिकेन विमानें घेऊन फेब्रुवारी १९४४ च्या सुमारास इंफाळास गेली व पुढें बरेच महिने त्या प्रदेशांत टेहळणीचें काम करीत राहिली. पाठीवरील 'इंफाळ' हा शब्द या वृत्ताशीं जुळतो. पुढें १९४५ च्या आरंभापासून त्या आघाडीवरील लढाऊ विमानांच्या नाकावर, पंखांवर व शेपटीवर ओळखीसाठीं पांढरे पट्टे आले. आमच्या चित्रांत ते नाहींत.

न दिसणें हा पुरावा केव्हां होतो? मीमांसकांनीं याचें उत्तर केव्हांच देऊन ठेविलें आहे: जी वस्तु असती तर अवश्य दिसली असती, तिचें न दिसणें हेंच तिच्या अभावाचें प्रमाण, यास योग्यानुपलब्धि म्हणतात. विमानाचें नाक व पंख चित्राबाहेर आहेत, म्हणून तेथील पट्ट्यांविषयीं चित्र कांहींच सांगत नाहीं. शेपटी मात्र पूर्ण उजेडांत आहे, आणि तिच्यावर पट्टा नाहीं. एवढ्यावरून चित्र बहुधा १९४४ मधील असें म्हणतां येतें. 'बहुधा' हा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण नवी आज्ञा सर्व तळांवर एकाच दिवशीं अंमलांत आली असेल असें नव्हे.

राहिला क्रमांक. शेपटीच्या पुढें, विमानाच्या कुशीवर तो लिहीत. आमच्या चित्रांत 'एल' हें पहिलें अक्षर स्वच्छ दिसतें. त्यापुढचें अक्षर व पहिला अंक एका माणसाच्या खांद्याआड गेला आहे. मग ७ हा अंक वाचतां येतो, आणि शेवटचा अंक पुसट आहे. हरिकेनच्या उत्तरकालीन मालिकांत एल-बी, एल-डी, एल-ई अशीं जोडाक्षरें आहेत, म्हणून दुसरें अक्षर निश्चित करतां येत नाहीं. शिवाय एकंदर किती विमानें बांधलीं हें शत्रूस कळूं नये म्हणून क्रमांकांच्या मालिकांत मुद्दाम मोकळ्या जागा सोडलेल्या आहेत. तेव्हां अंदाजानें बसविलेला क्रमांक कधीं अस्तित्वांतच नव्हता असेंहि होऊं शकतें. विद्यार्थ्याच्या मित्रांनीं सुचविलें कीं, त्या तुकडीच्या एखाद्या ज्ञात विमानाचा क्रमांक घालावा, कोणास कळणार आहे? परंतु प्रत्येक क्रमांकामागें एक विशिष्ट विमान आहे. त्यांतून कोणी तरी उडाला, कोणी परत आला, कोणी आला नाहीं. दुसऱ्याचें विमान या चार माणसांच्या पाठीशीं उभें करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. त्रुटित पाठाच्या जागीं संपादक जशा रेघा सोडतो, तशी ती जागा आम्हीं कोरी ठेविली, आणि बैठकीवरील पट्टीवर लिहिलें: 'हरिकेन, इंफाळ, बहुधा १९४४, क्रमांक चित्रांत पूर्ण वाचतां येत नाहीं.'

प्रतिकृति बाईंच्या हातीं दिली तेव्हां त्यांची दृष्टि प्रथम त्या कोऱ्या जागेकडेच गेली, व त्यांस थोडें वाईटहि वाटलें. मीं मूळ चित्र व भिंग पुढें ठेवून अक्षर कोठें झांकलें गेलें तें दाखविलें. त्यांनीं बराच वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "हा खांदा बाबांचाच आहे. मग राहूं द्या तसेंच."

शेवटीं वाचकांस एक विनंति. अशीं चित्रें अनेक घरांत पेट्यांच्या तळाशीं पडून आहेत, आणि तीं ओळखणारीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत. चौकटींत बसावें म्हणून त्यांच्या कडा कापूं नयेत. शेपटीचा क्रमांक बहुधा कडेलाच असतो. पाठीवरील मजकुराचीहि नक्कल घ्यावी. पाठीवर आपल्या तर्कानें शाईनें सन लिहूं नये. लिहावयाचाच तर निराळ्या कागदावर, आपल्या नांवानिशीं लिहावा. आणि चित्रांत जें दिसत नाहीं तें नाहीं असें म्हणण्यापूर्वीं, तें दिसण्याजोगें होतें काय, एवढें एकदां स्वतःस विचारावें.